जुनं अग्निशमन साहित्य छोट्या दलाला देताना: काय द्यावं, काय सरळ भंगारात घालावं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका कारखान्यातले सुरक्षा अधिकारी विचारतात: "आमच्याकडचं अग्निशमन साहित्य बदलतोय. निघालेल्या मालात ४० होज (पाणी मारायचे पाइप), ८ बीए सेट (पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क), १२ फायर सूट, साठेक एक्स्टिंग्विशर, फोमचे काही ड्रम आणि २००९ सालचा एक बंब आहे. हे भंगारात घालण्यापेक्षा पेठ-सुरगाण्यासारख्या एखाद्या नगरपंचायतीला दान द्यावं, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. कसं करावं?"

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागाहून. होज तपासून द्या. बीए सेट एका अटीवर द्या. सुटांपैकी निम्मे बाद होतील अशी तयारी ठेवा. एक्स्टिंग्विशर अग्निशमन दलाला देऊन उपयोग नाही. फोम आणि बंब देऊ नका.

सव्वीस वर्षं मी दलात काढली. निवृत्तीनंतर सातपूर, अंबड, गोंदे इथल्या कारखान्यांत फायर ऑडिटची कामं करतो. म्हणजे देणाऱ्यांच्या टेबलावर बसलोय आणि घेणाऱ्यांच्या शेडमध्येही उभा राहिलोय. दोन्ही जागांवरून एकच गोष्ट वेगवेगळी दिसते.

एका छोट्या गावाच्या दलात मॉक ड्रिलसाठी गेलो होतो. गावाचं नाव नको. लोखंडी कपाटात चार बीए सेट ओळीने टांगलेले, एकाच्या पट्ट्याला हस्तांतरणाच्या दिवशीची लाल रिबन तशीच. गेज पाहिला तर काटा शून्यावर. तिथला फायरमन म्हणाला, "साहेब, कार्यक्रमाला भरलेले होते. डेमोत संपले. नंतर भरायला कुठे नेणार?" श्वसनाची हवा भरणारा कॉम्प्रेसर सर्वांत जवळचा म्हणजे दीड-दोन तासांवर. दोन सेटचे मास्क एका कंपनीचे आणि डिमांड व्हॉल्व्ह (श्वास घेताना हवा सोडणारी झडप) दुसऱ्या कंपनीचे, एकमेकांत बसतच नव्हते. तिसऱ्या मास्कचं रबर हाताला चिकटत होतं. मग गोदामाला आग लागली तेव्हा काय केलंत, विचारलं. तो म्हणाला, "ओला टॉवेल." देणाऱ्या कंपनीच्या दप्तरी मात्र चार बीए सेट दिल्याची नोंद आहे, फोटोसकट.

धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजायचे, असं आपल्याकडे म्हणतात. या कामात दात आधी मोजायचे आणि तेही देणाऱ्याने. कारण घेणाऱ्याला 'नको' म्हणता येत नाही. नगराध्यक्षांना कार्यक्रम हवा असतो, मुख्याधिकाऱ्यांना फुकट मिळणारी वस्तू नाकारल्याचा शेरा नको असतो, आणि ज्याला ती वस्तू पाठीवर घेऊन धुरात शिरायचं आहे तो कंत्राटी फायरमन त्या बैठकीला नसतोच. म्हणून माझा पहिला सल्ला: पत्र पाठवण्याआधी तिथल्या ड्रायव्हर-ऑपरेटरला फोन करा. गाडीवर काय आहे, काय फाटलंय, काय मिळालं तर उद्यापासून वापराल, हे त्याला विचारा. दहांपैकी आठ वेळा उत्तर येतं: होज, गमबूट, टॉर्च. बीए सेट क्वचितच.

आता होजबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या यादीतला सर्वांत मोलाचा माल तोच आहे.

कारखान्यातल्या होजचं एक वैशिष्ट्य असतं. तो वापरून झिजत नाही, पडून खराब होतो. हायड्रंटशेजारच्या बॉक्समध्ये तो सात-आठ वर्षं एकाच घडीवर दुमडलेला राहतो आणि आतलं रबर त्या घडीवरच चिरतं. वरून होज नवाकोरा दिसतो. बॉक्सच्या तळाला उंदरांनी कुरतडलेलं असतं ते वेगळंच. म्हणून चाळीसच्या चाळीस होज पूर्ण लांबीवर उलगडायचे. दोन्ही कपलिंगांमागे (टोकांच्या जोडण्यांमागे) वायरची बांधणी पाहायची, फीमेल बाजूचा रबर वॉशर काढून बोटाने दाबायचा आणि लग (जोडणी अडकवून धरणारे खटके) आत-बाहेर होतात का ते बघायचं. मग जिथे बांधणी संपते तिथे होजवर पेन्सिलने एक रेघ मारायची.

त्यानंतर पाणी. ब्रँच (होजच्या टोकाची, पाणी मारायची नळी) उघडी ठेवून होज हळूहळू भरायचा, आतली हवा पूर्ण जाऊ द्यायची. हे टाळणारे बरेच आहेत. दाबलेल्या हवेत साठलेली ताकद कपलिंग निसटताना एकदम सुटते आणि ते कपलिंग मग गोफणीतल्या दगडासारखं येतं. हवा गेली की ब्रँच बंद करून दाब सावकाश वाढवायचा. जुन्या मालासाठी मी १० बारपर्यंत नेतो आणि ५ मिनिटं धरतो. या वेळी होजवर पाय टाकून कुणी उभं राहायचं नाही, कपलिंगच्या रेषेत तर मुळीच नाही. दाब उतरवल्यावर पेन्सिलची रेघ बघायची. रेघ आणि बांधणी यांच्यात फट पडली असेल तर बांधणी सरकली आहे. असा होज नव्याने बांधून पुन्हा तपासायचा. टोकापासून हात-दीड हातात पाझर असेल तर तेवढा तुकडा कापून कपलिंग परत बसवता येतं. १५ मीटरचा होज १४ मीटरचा झाला म्हणून आग तक्रार करत नाही. मधोमध पाझरत असेल तर बाद.

चाळीसांतून पंचवीस-तीस होज पास झाले तरी ते मोठं दान आहे. पास झालेल्या प्रत्येक होजवर क्रमांक आणि तपासणीची तारीख रंगवा. बाद झालेले कापून टाका, नुसते बाजूला ठेवू नका. बाजूला ठेवलेला होज गाडीत चढतो, हा माझा अनुभव आहे.

कपलिंगच्या बाबतीत आपलं नशीब बरं आहे. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचं इन्स्टंटेनियस कपलिंग सगळीकडे चालतं, कारखान्यात, महापालिकेत आणि नगरपंचायतीतही. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला कारखान्याची मोठी आग लागली. अशा आगीवर ठिकठिकाणचे बंब एकत्र येतात, तेव्हा एकाचा होज दुसऱ्याच्या पंपाला लागतो तो याच एका मापामुळे. परदेशातून आलेल्या दानाचं इथेच अडतं. अमेरिकेत होजला आट्यांचे कपलिंग असतात, ते आपल्या पंपाच्या डिलिव्हरीवर, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोंडावर, बसत नाहीत. अडॅप्टर नसेल तर कितीही भारी होज असो, तो शेडमध्ये पडून राहतो.

होजबरोबर तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू द्या, असं मी सुचवेन: बारीक नोझल आणि बंद-चालू करता येणारी ब्रँच. याचं गणित साधं आहे. नोझलच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, गुणिले बारमधल्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले दोन तृतीयांश. उत्तर येतं मिनिटाला लिटर. ७ बारवर २० मिलिमीटरचं नोझल मिनिटाला सुमारे ७०० लिटर फेकतं, म्हणजे ४५०० लिटरची टाकी साडेसहा मिनिटांत रिकामी. १२ मिलिमीटरचं नोझल २५० लिटर घेतं, तीच टाकी अठरा मिनिटं पुरते. नाशिक शहरात दुसरा बंब मागून येतो, टँकर येतो. पेठ तालुक्यातल्या पाड्यावर गवताच्या गंजीला आग लागली तर मागून काहीच येत नाही. नाशिकहून निघालेल्या बंबाला सावळ घाट आणि कोटंबी घाट ओलांडून पन्नासेक किलोमीटर जायचं असतं, सुरगाण्याला तर त्याहून कितीतरी लांब. तिथे बारा मिनिटांचा फरक म्हणजे शेजारचा गोठा वाचणं.

विहिरीवरून पाणी उचलू, असं कुणी म्हणेल. एप्रिलमध्ये त्या भागातल्या विहिरींत पाणी कुठे गेलेलं असतं ते जाऊन बघा. सक्शनने पंप कितीही चांगला असला तरी व्यवहारात सातेक मीटरच्या पलीकडून पाणी ओढत नाही. हवेच्या दाबाची मर्यादा आहे ती, पंपाचा दोष नाही. त्यामुळे 'आमचा जुना पोर्टेबल पंप पण देतो' असं ठरवलंत तर आधी तिथला पाणवठा किती खोल आहे ते विचारा.

बीए सेटची अट आता. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले आणि हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारला वाजते असं धरलं तर हाती छत्तीस मिनिटं येतात. पायऱ्या चढत, माणूस ओढत असाल तर पंचवीसही नाहीत. म्हणजे एक सराव आणि एक आग झाली की सिलिंडर रिकामं. सेट देताना खरं दान असतं ते पुढच्या भरणाचं. तुमच्या कारखान्यात कॉम्प्रेसर असेल तर लेखी द्या: रिकामी सिलिंडर आणा, त्याच दिवशी भरून न्या, अमुक वर्षं, विनामूल्य. हे देता येत नसेल तर सेटही देऊ नका. शिवाय सगळे सेट एकाच बनावटीचे हवेत. आठांतून जुळणारे पाच निघाले तर पाचच द्या आणि उरलेल्या तिघांतले जुळणारे सुटे भाग त्यांच्याबरोबर द्या. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. कार्बन कंपोझिट सिलिंडरचं आयुष्य साधारण १५ वर्षांचं ठरवलेलं असतं, त्यानंतर ते चाचणीत पास होईल का हा प्रश्नच उरत नाही. आयुष्य शिल्लक असलेली सिलिंडर पेसोमान्य (केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता असलेल्या) केंद्रातून हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करून, प्रमाणपत्रासकट पाठवा. हा खर्च तुमचा. नगरपंचायतीवर ढकललात तर तो होणार नाही.

आणि दोन दिवस माणूस पाठवा. मास्क चेहऱ्याला बसलाय की नाही हे कसं बघायचं, दाढी असली की हवा का गळते, शिट्टी वाजल्यावर बाहेर पडायचं असतं, आवराआवर करायची नसते, हे कागदावरून कळत नाही.

सुटांचं सांगतो. आतल्या लेबलवर निर्मितीची तारीख असते. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकाप्रमाणे तयार झाल्यापासून १० वर्षांनी सूट निवृत्त करतात, वापरला असो वा नसो. आपल्याकडे हा नियम कुणी बंधनकारक केलेला नसला तरी मी तोच धरतो. सूट दहा वर्षांच्या आतला असेल तर अस्तर उलटं करा, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा. उजेड जिथून ठिपक्याठिपक्यांनी झिरपतो तिथे आतला थर विरलाय. काखा आणि गुडघे बघायचे, तिथेच जातं. काजळी धरलेला सूट तसाच देऊ नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामालाच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. त्या काजळीचा त्यात वाटा आहे, आणि आपले फायरमन सूट घरी नेऊन बाकीच्या कपड्यांबरोबर धुतात. चंदेरी रंगाचे फार जुने अल्युमिनाइज्ड सूट, हातमोजे किंवा फायर ब्लँकेट असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती घातक कचऱ्याच्या वाटेने जाऊ द्या. मापाचंही भान ठेवा. तुमच्या कारखान्यातले सहा फुटी सूट घालून आमचा सुरगाण्याचा पोरगा शिडी चढायला लागला तर अडखळून पडेल.

दोर आणि हार्नेस यादीत नाहीत, तरी सांगून ठेवतो: वापरलेला जीवनदोर कधीच कुणाला द्यायचा नाही. त्याच्यावर किती भार पडून गेलाय हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

एक्स्टिंग्विशर बंबावर एक-दोनच लागतात. साठ देऊन तुम्ही त्यांची जागा अडवाल. पावडर आणि फोमचं सिलिंडर साधारण १० वर्षं, सीओटूचं १५ वर्षं असा हिशेब असतो. आयुष्य शिल्लक असेल तर दाबचाचणी आणि रिफिल करून शाळा, आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय यांना द्या, वर्षाची देखभाल तुमच्या एजन्सीच्या करारात घालून. मुदत संपत आलेले आणि अजून दाब धरलेले एक्स्टिंग्विशर तुमच्याच आवारात कामगारांना प्रशिक्षण देताना रिकामे करा. पिन ओढून प्रत्यक्ष मारायला मिळणं ही चैन बहुतेकांना नोकरीभरात एकदाही मिळत नाही.

फोमबद्दल दोनच वाक्यं. जुन्या एएफएफएफ (तेलाच्या आगीवर पातळ थर धरणाऱ्या) फोममध्ये पीएफओएस हे घातक रसायन असू शकतं, जे २००९ मध्ये न विघटणाऱ्या प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि जे पाण्यात गेलं की तिथून निघत नाही. ड्रम नगरपंचायतीला देणं म्हणजे ते पाच वर्षांनी एखाद्या ओहोळात ओतले जाण्याची सोय करणं, तेव्हा अधिकृत घातक कचरा व्यवस्थेकडेच पाठवा.

आता बंब. इथे सगळ्यांचा जीव अडकतो, कारण हार घालून फोटो काढायला बंबच हवा असतो. पण केंद्राच्या मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. तुमचा बंब २००९ चा. कंपनीच्या नावावर तो फिटनेस काढून चालेल कदाचित, पण नगरपंचायतीच्या नावावर गेला की रस्त्यावर आणता येणार नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विना विम्याची पाच टन पाण्याची गाडी घाटात उतरवायला मी कुठल्याही ड्रायव्हरला सांगणार नाही. हा नियम नसता तरी माझं मत फारसं बदललं नसतं. जुन्या गाडीचे टायर, बॅटऱ्या, पंपाचे ग्लँड, पीटीओची (इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या भागाची) दुरुस्ती याला दरवर्षी पैसे लागतात, आणि ते डिझेलच्याच तुटपुंज्या तरतुदीतून जातात. त्यावरची शिडी, सक्शन होज, स्ट्रेनर, कलेक्टिंग हेड, ब्रँच, फ्लडलाइट काढून तपासा आणि द्या. चासी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, सोबत वस्तूनिहाय यादी, चाचणीच्या तारखा आणि माहीत असलेले दोष स्पष्ट लिहून. नगरपंचायतीने सभेत स्वीकृतीचा ठराव करून साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवलं पाहिजे. रजिस्टरला नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च टाकता येत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. बरंच चांगलं साहित्य केवळ या एका ओळीअभावी कपाटात मेलंय.

व्यवस्थापनाच्या मनात सीएसआर (कंपनीने सामाजिक कामावर करायचा खर्च) असेल तर त्यांना आत्ताच सांगा. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात स्पष्ट केलंय की वस्तूरूप मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. जुन्या होजचं मूल्यांकन करून आकडा फुगवायची वाट बंद आहे. हायड्रो टेस्ट, नवे नोझल, प्रशिक्षण यांवर प्रत्यक्ष पैसे खर्च केलेत तर तो सीएसआरमध्ये बसतो का, हे तुमच्या सीएला विचारा. खरेदीवेळी जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर फुकट देतानाही कर उभा राहू शकतो, तेही त्यालाच विचारा.

टेक्ससमध्ये १९९७ पासून एक योजना चालते. कंपन्या आणि शहरं जुनं साहित्य राज्याच्या वन सेवेकडे देतात, तिथून ते गावोगावच्या स्वयंसेवी दलांना जातं, आणि देणाऱ्याला कायदेशीर जबाबदारीतून सूट मिळते. मला त्यातला मधला टप्पा आवडतो. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुणीतरी जाणकार बसलेला आहे. आपल्याकडे तुमचा कारखाना एकटाच हे करतोय, तर तो जाणकार तुम्हीच बाहेरून आणा. ज्या दलाला देणार आहात तिथलेच दोन फायरमन चाचणीच्या दिवशी अंबडला बोलवा. गाडीभाडं आणि जेवण तुमचं. होज त्यांच्या हातून भरू दे, बाद कुठला करायचा ते त्यांना ठरवू दे. जो होज त्यांनी स्वतः १० बारला उभा केलाय, त्यावर ते आगीतही विश्वास ठेवतील.

वेळ कुठली, हेही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. बहुतेक कंपन्या १४ एप्रिलला, अग्निशमन सप्ताहाच्या कार्यक्रमात देतात. तोवर डोंगरावरचं गवत महिनाभर पेटतंय. होळीच्या आधी द्या, फेब्रुवारीत. आणि काही कारणाने राहिलंच, तर जूनमध्ये चाचणी काढू नका. इगतपुरी-पेठच्या पावसात होज आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि ओला गुंडाळलेला होज दसऱ्यापर्यंत बुरशीने काळा पडलेला असतो.